एक्स-रेतला 'गॅप' आणि पुढच्या चवथीची फुगडी

पत्र :

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी म्हार्दोळची, वय ५८. उजवा गुडघा दोन वर्षं अधूनमधून कुरकुरत होता, पण कामं अडत नव्हती. यंदा गणेशचवथीच्या आधी तीन आठवडे आम्हा बायकांची फुगडीच्या स्पर्धेची तालीम होती, रोज संध्याकाळी दीड तास. दुसऱ्या आठवड्यात गुडघा धरला, सुजला. जायांचा, म्हणजे जाईच्या फुलांचा मोसम, त्यामुळे सकाळी दोन तास मांडी घालून माळा ओवायचं कामही चालूच होतं. आता जिना चढताना दुखतं आणि उतरताना तर कठडा धरूनच उतरते. सकाळी गुडघा पाच-दहा मिनिटं आखडलेला असतो, मग सुटतो.

एक्स-रे काढला. सांगितलं की गॅप कमी झालाय, ग्रेड दोन, गुडघा घासलाय, जपून राहा, पुढेमागे बदलावा लागेल. मुंबईचे भावोजी म्हणतात, दुर्बीण घालून साफ करून घे. फिजिओथेरपीला पाच दिवस गेले. चार दिवस शेक आणि करंट दिला, बरं वाटलं. पाचव्या दिवशी व्यायाम करून घेतला, तर दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जाणंच सोडलं. आधीच घासलेला गुडघा व्यायामाने आणखी घासणार नाही का? शेजारीण म्हणते, जिना सोड आणि जमिनीवर बसणं सोड. मुलाने नी-कॅप आणून दिली, ती रात्रंदिवस घालते. वजन ७१ किलो, उंची पाच फूट, बीपीची गोळी चालू आहे. भजनाला बसायचं बंद करू का? आणि खरं विचारायचं ते हे की, फुगडी संपली का माझी?

उत्तर :

ताई, फुगडीचं तुम्ही अगदी शेवटी विचारलंत, पण अख्खं पत्र त्यासाठीच लिहिलंय हे कळतं. म्हणून ते उत्तर आधी. नाही संपली. या पौषात धालो (बायकांचा रात्रीचा लोकनाच) आणि पुढच्या चवथीला फुगडी, असा हिशेब धरून मी पुढचं लिहितेय. उकिडवं बसून घालायच्या बसफुगडीचा शब्द मात्र देत नाही.

आणखी एक. मी डॉक्टर नव्हे, फिजिओथेरपिस्ट. सव्वीस वर्षं हे सांगतेय, फोंड्यात कोणी ऐकत नाही. औषधाचं जे काही खाली येईल ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

आता तो गॅप. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ बायका हा शब्द घेऊनच दारात उभ्या राहतात. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, एक्स-रेत दिसतच नाही, मधली गादीसारखी मेनिस्कसची चकतीही दिसत नाही. दिसते ती फक्त काळी फट. म्हणजे गॅप ही काही रिकामी जागा नव्हे. तिथे कूर्चा आहे, दोन चकत्या आहेत, थोडं वंगण आहे, आणि आपण फटीच्या रुंदीवरून त्यांच्या जाडीचा अंदाज बांधतो. तुमचा एक्स-रे उभं करून काढला की टेबलावर झोपवून? झोपवून काढला असेल तर गुडघ्यावर वजनच आलेलं नसतं आणि तो अंदाजही कच्चाच राहतो. पाकीट उघडून बघा, काही वेळा त्यावर लिहिलेलं असतं.

'ग्रेड दोन' ऐकून तुम्ही मनात काय केलं असणार, तेही मला ठाऊक आहे. चारातले दोन, म्हणजे अर्धा गुडघा गेला! ही मोजणी १९५७ पासून चालत आली आहे, शून्य ते चार. दोन म्हणजे हाडाच्या कडेला बारीक टोकं नक्की दिसू लागली आणि फट थोडी कमी झाली असण्याची शक्यता आहे, एवढंच. या दुखण्याला 'ऑस्टिओआर्थ्रायटिस', म्हणजे वयाबरोबर येणारा संधिवात, हे नाव द्यायला सुरुवात होते, ती या पायरीपासून.

आणि चित्राचं आणि दुखण्याचं गणित जुळतंच असं नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. दुखतंय म्हणून आलेले पेशंट नव्हेत हे, गावातले साधे लोक. २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला. ज्यांच्या मेनिस्कसच्या चकत्या फाटलेल्या दिसल्या, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिनाभरात दुखलाही नव्हता आणि आखडलाही नव्हता. चार महिने पाऊस खाल्लेल्या चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ चढलेलं असतं, पण म्हणून घर पाडायला काढा असं कोणी म्हणत नाही. भिंत कुठे फुगलीय का, ओल आत आलीय का, ते बघतो. गुडघ्याचंही तेच. तुमचा एक्स-रे खोटा नाही, पण तुमच्या दुखण्याचं सगळं कारण त्यात नाही.

'घासलाय' या शब्दावर तर माझा जुना राग आहे. तो ऐकला की माणूस गुडघ्याकडे स्कूटरच्या टायरसारखं बघू लागतो : जितकं चालवाल तितकं झिजणार, तेव्हा गाडी घरातच ठेवा. कूर्चा जिवंत असते, ताई. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला खाणं-पिणं मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, तेही दाब पडला आणि सुटला तरच. भांडी घासायचा स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसं. पायावर वजन येऊन जाऊन ती पोसली जाते. महिनाभर पलंगावर बसून गुडघा जपला तर त्याचं खाणंच तुटतं, वर मांडीचे स्नायू वाळतात ते वेगळंच.

कूर्चेत दुखण्याची नसही नसते. मग दुखतं काय? सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, कूर्चेखालचं हाड कुरकुरतं, गुडघ्याच्या वाटीच्या खालची चरबीची गादी, आजूबाजूचे स्नायुबंध. हे सगळं चिडतं तेव्हा त्यांना झेपेल त्याहून जास्त ओझं त्यांच्यावर पडलेलं असतं. आणि चिडलेलं शांतही होतं.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचूया. वर्षभर फुगडी नाही. मग एकदम तीन आठवडे, रोज दीड तास, मध्ये एक दिवसाची सुट्टी नाही. तालीम म्हटल्यावर बसून, उठून, गिरकी घेऊन, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याच पायाची सकाळी दोन तास मांडी. चवथीच्या आदल्या संध्याकाळी फोंड्याच्या स्टँडवर कदंबच्या बसमध्ये माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान घेऊन लोक कसे चढतात ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी चढावावर बस धापा टाकते. बस तीच, एरवी रोज मुकाट धावणारी. तुमच्या गुडघ्याचं मला असंच दिसतं. दोन वर्षांची कुरकुर होतीच, त्यावर त्या तीन आठवड्यांत भार एकदम वाढला.

सूज आली की आणखी एक भानगड होते, आणि ती फारसं कोणी समजावून सांगत नाही. सांध्यात पाणी साठलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो. हा स्नायू म्हणजे गुडघ्याचा ब्रेक. आज रात्री पलंगावर दोन्ही पाय सरळ पसरून बसा, पंजे आपल्याकडे ओढा, दोन्ही गुडघे खाली दाबा आणि वाटीच्या वर, आतल्या अंगाला बघा. डाव्या पायाला तिथे लिंबाएवढा टणक फुगवटा उठेल. उजव्या पायाला तो बहुधा कमी उठेल, उशिरा उठेल, हाताला मऊ लागेल. जिना उतरताना दुखतं ते यामुळेच. चढताना हा स्नायू तुम्हाला वर ढकलतो, उतरताना तो ताणला जाता जाता तुमचं वजन अलगद खाली सोडतो. हे दुसरं काम कठीण. ब्रेक ढिला, म्हणून वाटीच्या मागच्या सांध्यावर दणका बसतो. उतरताना जास्त दुखणं आणि मांडी घालून बराच वेळ बसल्यावर दुखणं, हे दोन्ही त्या वाटीमागच्या सांध्याकडे बोट दाखवतात. हात लावल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण पत्रावरून मला तरी तसं वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं : व्यायामाने गुडघा घासत नाही. उलट गुडघ्याच्या या दुखण्यावर पहिला उपचार कोणता, याबद्दल आज जगभर एकमत आहे. व्यायाम, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं. गोळ्या, इंजेक्शनं त्यानंतर.

मग तुम्ही केलात तेव्हा बिघडलं का? इथे दोष आमच्या धंद्याचा आहे. शेक आणि करंट यांनी तास-दोन तास बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही, पण मशीन कोणाचा स्नायू वाढवत नाही. चार दिवस तुम्हाला मशीनखाली झोपवलं आणि पाचव्या दिवशी एकदम सगळं करून घेतलं. फुगडीच्या तालमीत जी चूक झाली तीच दवाखान्यात झाली. शिवाय तुम्ही लिहिलंय की मांड्या भरून आल्या. मांड्या, गुडघा नव्हे! बऱ्याच दिवसांनी स्नायूंनी काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते असेच भरून येतात आणि आपोआप उतरतात. दळण-कांडण नव्याने करणाऱ्या सुनेचे दंड भरून यायचे, तसंच हे. हे आधी सांगायचं काम आमचं होतं.

आता घरी काय करायचं. पहिला आठवडा फक्त ते लिंबू उठवायचं. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, गुडघ्याने ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. चहा उकळेपर्यंत होतं. सूज उतरेपर्यंत संध्याकाळी पाय उंच ठेवून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि सकाळी आखडलेला असेल तेव्हा गरम शेक. निर्गुडीचा पाला वाफवून बांधत असाल तर बांधा. ऊब मिळते, सुख वाटतं. मात्र चटका लागू देऊ नका.

दुसऱ्या आठवड्यापासून खुर्ची. पूर्ण कार्यक्रमात एकच व्यायाम ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन. हात नसलेली, न हलणारी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. बैठकीवर दोन गोधड्यांच्या घड्या घाला, म्हणजे ती उंच होईल. पुढे सरकून बसा, पावलं खांद्याएवढी लांब आणि जरा मागे, हात छातीवर. नाक पायांच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे वाका आणि उठा. ही पुढे वाकायची पायरी बायका गाळतात, ताठ बसूनच उठायला बघतात आणि मग गुडघ्यावर जोर पडतो. उठलात? आता बसताना घाई नाही. एक, दोन, तीन मोजत बसा. धपकन बसलात तर तो आकडा धरायचा नाही. गुडघे आत एकमेकांकडे झुकू देऊ नका. आठ वेळा, मिनिटभर दम, पुन्हा आठ, पुन्हा दम, पुन्हा आठ. एक दिवस आड. शेवटचे दोन कठीण वाटले पाहिजेत. सहज झाले तर एक गोधडी काढा. दोन्ही गोधड्या निघाल्या की पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी छातीशी धरा. जिममध्ये लोक पैसे भरून हेच करतात.

सुरू करायच्या आधी एक मोजमाप घ्या. मुलाला मोबाइल धरायला सांगा आणि ३० सेकंदांत हात न लावता किती वेळा पूर्ण उठता ते बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकोनात आकडा लिहा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा. दुखणं रोज वर-खाली होतं, त्याच्यावरून माणसाचा धीर सुटतो. कॅलेंडरवरचा आकडा सांगतो आपण कुठे आहोत ते.

खुर्चीसोबत दोन लहान गोष्टी. ओट्याला हात टेकून टाचा उचलणं, आणि डाव्या कुशीवर झोपून वरचा उजवा पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं. दुसऱ्याने कमरेच्या बाजूचा स्नायू तयार होतो, गुडघा आत झुकू नये म्हणून तो लागतो. पाच-सहा आठवड्यांनी न्हाणीच्या दाराची बुटकी पायरी घ्या. तिच्यावर उजवा पाय ठेवून उभ्या राहा, चौकट धरा आणि डावी टाच सावकाश जमिनीला टेकवून परत वर घ्या. जिना उतरण्याची तालीम ती हीच.

दुखलं तर? दुखेल थोडं. माझा नियम असा : शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. करताना चारपर्यंत दुखलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्या सकाळसारखाच असेल तर काल केलं ते योग्य होतं. जास्त दुखत असेल किंवा सूज वाढली असेल तर पुढच्या वेळी आकडा निम्मा करा, सोडून देऊ नका. सगळ्यात जास्त पेशंट याच जागी गळतात : एक वाईट सकाळ आली की व्यायाम बंद.

किती दिवस? पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाटते ती मेंदूने स्नायूंना पुन्हा नीट कामाला लावल्याची असते. स्नायू खरोखर भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून मी बारा म्हणते. पाच दिवसांत गुडघा सुधारला नाही यात नवल नाही.

जमिनीवर बसण्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीला लागले तेव्हा मी सरसकट सगळ्यांना सांगायची : खाली बसू नका, मांडी घालू नका. माझ्या आतेला, कवळ्याच्या, मीच सांगितलं. तिने इमानाने ऐकलं. पाट सुटला, देवघरासमोरचं बसणं सुटलं, खाली बसून नारळ खवायची आदोळी सुटून नारळ मिक्सरमध्ये गेला. सहा वर्षांनी ती न्हाणीत घसरली. काही मोडलं नव्हतं, पण जमिनीवरून उठायचं कसं हेच तिचे पाय विसरले होते. दोन तास ती तिथेच बसून होती, शेजारीण येईपर्यंत. त्या दिवसापासून मी कोणाला जमीन सोडायला सांगत नाही. जी हालचाल आपण सोडतो ती परत मागायला गेलो की मिळत नाही.

पण सध्या सूज आहे, तेव्हा महिनाभर माळा खुर्चीवर बसून, टेबलावर फुलं ठेवून ओवा. भजनाला खुशाल जा. दुमडलेल्या सतरंजीवर किंवा जाड पाटावर बसा, पाठ भिंतीला, उजवा पाय पसरलेला. देवासमोर पाय पसरायचा नाही, हे मला कळतं. कडेच्या खांबापाशी जागा धरा, पाय बाजूला वळवा, वर पदर घ्या. अभंग संपला की बसण्याची ढब बदला. उठताना मांडीवरून थेट उठू नका. कुशीला वळा, दोन्ही हात टेका, रांगायच्या स्थितीत या, डावं पाऊल पुढे रोवा, जवळच्या सोप्यावर हात ठेवा आणि त्या पायावर उठा. रोज एकदा घरी करा. दोन महिन्यांनी मांडी थोडी थोडी पुन्हा घालायला लागा, आधी पाच मिनिटं.

जिना मात्र बंद नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. काठी घ्यावीशी वाटली तर डाव्या हातात, दुखऱ्या बाजूच्या उलट. हे सिनेमातसुद्धा चुकीचंच दाखवतात. आणि देवळाच्या ओल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर रबरी चपला घालून जाऊ नका. शेवाळावर त्या साबणासारख्या सरकतात.

वजनाचं बोलायला मला आवडत नाही, कारण पेशंटला ते आधीच दहा जणांनी ऐकवलेलं असतं. पण एक हिशेब सांगते. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. साडेतीन किलो उतरवा, दर पावलाला चौदा किलो कमी. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो. प्रत्येक पावलाला तेवढा गॅस खाली ठेवला असं समजा. भात-हुमण सोडू नका. दुसऱ्या वाढीचा भात, संध्याकाळच्या चहाबरोबरची पाव-बिस्किटं आणि चवथीचे उरलेले लाडू एवढ्यावर आधी नजर टाका.

नी-कॅप रात्री काढून ठेवा. बाजारात किंवा कदंबमधून जाताना घाला, बाकी वेळ नको. तिच्याने आधार वाटतो, पण ती स्नायूचं काम करत नाही. गोळ्यांचं : तुम्हाला बीपी आहे, तेव्हा दुकानातून दुखण्याची गोळी मागून घ्यायची नाही. या गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघ्यावर चोळायचं दुखण्याचं मलम त्यापेक्षा बरं आणि गुडघ्याला ते लागूही पडतं, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामीनच्या महागड्या बाटलीचे पैसे वाचवा.

भावोजींच्या दुर्बिणीबद्दल. अमेरिकेत ह्युस्टनला १८० लोकांवर एक प्रयोग झाला होता, २००२ मध्ये छापून आला. काहींचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींना गुंगीचं औषध देऊन कातडीवर नुसते छेद दिले, आत काहीच केलं नाही. कोणाचं काय केलं हे पेशंटना माहीत नव्हतं. दोन वर्षं तपासत राहिले. साफ केलेले आणि काहीच न केलेले, यांच्या दुखण्यात फरक नव्हता. वयाबरोबर झिजलेल्या गुडघ्यासाठी 'साफ' करण्याचा आग्रह जाणते हाडांचे डॉक्टर आता धरत नाहीत. गुडघा खरोखर अडकत असेल, वाकवलेला सरळच होत नसेल, तर ती गोष्ट वेगळी. तुमचा अडकत नाही.

बदलण्याचं आज बोलायचंच नाही. तीन महिने नीट व्यायाम करूनही रात्री दुखून झोप मोडते, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाता येत नाही, पाय वाकडा होत चाललाय, अशा माणसाला ते ऑपरेशन नवा जन्म देतं, आणि अशांना मी स्वतः पाठवते. ते ठरवायचं तुमच्या चालण्या-झोपण्यावरून.

काही खुणा दिसल्या तर मात्र माझं हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा : गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप; पाय मुरगळून एकदम सुजला आणि टेकवताच येत नाही; पोटरी सुजून दुखतेय. सकाळचं आखडणं अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागलं किंवा बोटांचे सांधेही सुजू लागले, तर तो संधिवात वेगळ्या जातीचा असू शकतो, रक्त तपासावं लागतं. आणि कधी कधी गुडघ्यात दुखतं पण मूळ खुब्यात असतं. म्हणून कोणीतरी एकदा हात लावून, कमरेपासून घोट्यापर्यंत बघणं गरजेचं आहे. फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात दाखवा, तिथून चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाता येतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्यात काय बसतं ते आधी विचारून घ्या. खाजगीत गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, "घरी करायला काय देणार?" उत्तर नुसतं "दहा दिवस मशीन" असं आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

आता तुमची फुगडी. धालोत पाय मागे-पुढे टाकत कमरेत वाकायचं असतं, उडी नाही, गिरकी नाही. बारा आठवड्यांनंतर त्याला तुमचा गुडघा नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. पहिल्या रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, अर्धा तास, दुसऱ्या सकाळी गुडघ्याला विचारा, मग पुढचं. फुगडीची तालीम पुढच्या वर्षी श्रावणात सुरू करायची नाही, आषाढ लागला की सुरू करायची. आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. तुमच्या मंडळातल्या इतर बायकांनाही हेच लागू आहे. तुमच्याएवढ्याच तालमीत आणखी कोणाकोणाचे गुडघे धरले असतील, विचारून बघा, फक्त त्यांनी पत्र लिहिलं नाही.

कॅलेंडरवरचा पहिला आकडा लहान असला तरी खोडू नका. पौषात मांडावर जाण्याआधी एक ओळ लिहा : पहिला आकडा किती होता आणि आता किती आहे.